शाई, कवटी आणि डीएनए

फेब्रुवारी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वान गॅलरीज या लिलावगृहात एक जुनं हस्तलिखित विक्रीला आलं. ३०१ पानांचं ते बाड होतं आणि लेखिकेचं नाव हॅना क्राफ्ट्स. गुलामगिरीतून पळून आलेल्या एका स्त्रीनं स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली ही कादंबरी असल्याचं यादीत म्हटलं होतं. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स ज्युनियर तेव्हा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळून होते. त्यांनी एका मित्राला लिलावाला पाठवलं. दुसरी बोली आलीच नाही. साडेआठ हजार डॉलरला ते बाड त्यांच्या ताब्यात आलं.

त्यानंतर सुरू झाली तपासणी. एखाद्या गुन्ह्याचा माग काढावा तसा त्या कागदांचा माग काढला गेला. जुनी कागदपत्रं तपासणारे जो निकेल यांनी पानं भिंगाखाली धरली. शाई मायफळ आणि लोहक्षारांपासून केलेली निघाली, एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरली जाणारी. लेखणी पिसाची होती. लेखिकेनं दुरुस्त्या करताना चुकलेल्या ओळींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यासाठी खळीच्या चकत्या ओल्या करून दाबल्या होत्या आणि त्या चकत्यांवर शिवणकामात बोटाला घालतात त्या अंगुस्तानाच्या खाचा उमटलेल्या दिसत होत्या. लिहिता लिहिता हाताशी असलेलं शिवणाचं साधन तिनं वापरलं होतं. मजकुरातले संदर्भ आणि कागद यांवरून हे लेखन १८५३ ते १८६१ या काळातलं ठरलं. २००२ मध्ये ‘द बाँडवुमन्स नॅरेटिव्ह’ या नावानं पुस्तक छापलं गेलं आणि खपाच्या यादीत झळकलं.

पण लेखिका कोण, हे कळायला आणखी अकरा वर्षं गेली. ग्रेगरी हेसिमोविच या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मृत्युपत्रं, दप्तरं आणि रोजनिश्या पालथ्या घातल्या आणि २०१३ मध्ये हॅना बाँड हे नाव पुढे आणलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फ्रीजबरो इथल्या जॉन हिल व्हीलर यांच्या घरची ती गुलाम, १८५७ च्या सुमारास पुरुषाच्या वेषात पळालेली. कादंबरीत डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’च्या खुणा इतक्या ठळक आहेत की, एका गुलाम बाईनं हे पुस्तक वाचलं तरी कुठे, असा प्रश्न पडत होता. त्याचंही उत्तर मिळालं. व्हीलर कुटुंबाच्या घरी जवळच्या शाळेतल्या मुली राहायला असत आणि त्यांच्या अभ्यासक्रमात ते पुस्तक होतं.

एका कादंबरीसाठी एवढा खटाटोप का? शाईचं पृथक्करण, कागदाची तपासणी, दप्तरांचा धांडोळा? इंग्लंडमधल्या एखाद्या गोऱ्या पाद्र्याच्या मुलीनं त्याच सुमारास कादंबरी लिहिली असती, तर ती तिनंच लिहिली याचा दाखला कोणी मागितला नसता. कृष्णवर्णीय लेखकाकडे मात्र पहिल्या पानापासून पुरावा मागितला गेला. आणि हा पुरावा मागण्यात साहित्याचे समीक्षक एकटे नव्हते. त्यांच्या मागे त्या काळचं विज्ञान उभं होतं. गेट्स यांची पन्नास वर्षांची कारकीर्द नीट समजून घ्यायची तर साहित्य आणि वंशविज्ञान यांची ही जोडी आधी समजून घ्यावी लागते. त्यांच्या पुस्तकांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या मराठी वाचकासाठी म्हणून ही प्रस्तावना.

१७३९ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या विज्ञान अकादमीनं एक निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता, आफ्रिकी माणसांची कातडी काळी का असते आणि त्यांचे केस तसे का असतात? बोर्दो हे अटलांटिकवरचं बंदर. साखर, वाइन आणि माणसं या तिन्हींच्या व्यापारावर ते शहर गब्बर होत होतं. १७४१ पर्यंत सोळा निबंध आले, काही लॅटिनमध्ये तर काही फ्रेंचमध्ये. कोणी उन्हाला जबाबदार धरलं, कोणी पित्ताला, कोणी रक्ताला, कोणी बायबलमधल्या शापाला. एकालाही बक्षीस मिळालं नाही. निबंध दप्तरात पडून राहिले. गेट्स आणि अँड्र्यू करन यांनी ते संपादित करून २०२२ मध्ये ‘हूज ब्लॅक अँड व्हाय?’ या नावानं इंग्रजीत आणले. हे पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो तो निबंधांतल्या भाषेनं नव्हे, तर प्रश्नाच्या बेतानं. गोरी कातडी हा मूळ रंग, काळी कातडी हा बिघाड आणि बिघाडाचं कारण शोधणं हे विद्वानांचं काम, हे सगळं प्रश्नातच गृहीत धरलेलं होतं.

पुढे तत्त्वज्ञही या कामाला लागले. डेव्हिड ह्यूम यांनी १७५३ मध्ये आपल्या एका निबंधाला टीप जोडली आणि गोऱ्यांखेरीज कोणत्याही वंशात विद्या-कला उपजलेल्या नाहीत असा निर्वाळा दिला. जमैकात एक विद्वान कृष्णवर्णीय असल्याचं त्यांच्या कानावर होतं. त्याला त्यांनी पढवलेल्या पोपटाच्या पंगतीला बसवलं. कांट यांनी १७६४ मध्ये ह्यूम यांचाच हवाला दिला. लिहिता येणं, त्यातही कविता लिहिता येणं, ही बुद्धीची आणि म्हणून माणूसपणाची कसोटी ठरत गेली. गेट्स यांनी १९८० च्या दशकात ‘रेस, रायटिंग अँड डिफरन्स’ या संकलनाच्या प्रस्तावनेत हा धागा पहिल्यांदा नीट उलगडून दाखवला. आज ती मांडणी सर्वमान्य वाटते, पण तेव्हा साहित्याच्या प्राध्यापकानं ह्यूम आणि कांट यांच्या तळटिपा अशा उघड्यावर मांडणं नवं होतं.

कसोटीला सगळ्यात आधी उभी राहिली फिलिस व्हीटली. सात-आठ वर्षांची असताना ती गुलामांच्या जहाजातून बॉस्टनला उतरली. विशीत तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला, ते साल १७७३. पुस्तकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचं प्रमाणपत्र आहे. गव्हर्नर टॉमस हचिन्सन, जॉन हँकॉक आणि कितीतरी धर्मोपदेशक सही करून सांगतात की, या कविता या मुलीनंच लिहिल्या आहेत. ‘द ट्रायल्स ऑफ फिलिस व्हीटली’ या २००३ मधल्या छोट्या पुस्तकात गेट्स यांनी अठरा जणांनी एकत्र बसून तिची तोंडी परीक्षा घेतल्याचं चित्र रंगवलं आहे. हे चित्र वाचकांच्या मनात इतकं पक्कं बसलं की, पुढच्या अभ्यासकांना ते खोडताना फार कष्ट पडले. अशी एकच बैठक झाल्याचा कागद कुठेही नाही. व्हीटलीनं स्वतःच्या ओळखी वापरून सह्या जमवल्या असाव्यात, असं आता अनेक अभ्यासक मानतात. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे व्हीटली आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येते आणि स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हिकमतीनं बाजारात आणणारी लेखिका म्हणून दिसू लागते.

टॉमस जेफरसन यांना मात्र ते प्रमाणपत्रही पुरलं नाही. १७८५ मध्ये छापलेल्या ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’मध्ये त्यांनी व्हीटलीला कवी मानायलाच नकार दिला. त्याच पुस्तकात कृष्णवर्णीयांची बुद्धी आणि कल्पनाशक्ती कमी असल्याची ‘शंका’ त्यांनी निसर्गशास्त्रज्ञाच्या थाटात मांडली आहे. १७९१ मध्ये मेरिलंडच्या बेंजामिन बॅनेकर या स्वयंशिक्षित कृष्णवर्णीय गणितज्ञानं स्वतः ग्रहगणित करून तयार केलेलं पंचांग जेफरसन यांना पाठवलं. सोबतच्या पत्रात त्यानं, स्वातंत्र्याची सनद लिहिणारा माणूस गुलाम कसे बाळगतो, हेही विचारलं. जेफरसन यांनी गोड शब्दांत उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला पाठवलं आणि पुढे १८०९ मध्ये एका खासगी पत्रात बॅनेकर यांची बुद्धी सामान्यच होती असं लिहून टाकलं. पुरावा दिल्यावर पुराव्याची अट बदलायची, ही रीत तिथूनच पडली.

एकोणिसाव्या शतकात तत्त्वज्ञांच्या जागी मोजपट्टी आली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन यांनी जगभरातून शेकड्यांनी कवट्या गोळा केल्या. आधी बिया आणि पुढे शिशाचे छरे भरून ते कवटीचं आकारमान मोजत आणि त्यावरून वंशांची उतरंड लावत. १८५० मध्ये हार्वर्डच्या लुई अगासी यांनी साउथ कॅरोलायनातल्या गुलाम स्त्री-पुरुषांची उघड्या अंगानं छायाचित्रं काढवून घेतली. ती पुढे हार्वर्डच्याच संग्रहालयाच्या माळ्यावर १९७६ मध्ये सापडली. मॉर्टन यांच्या संग्रहातल्या फिलाडेल्फियाच्या एकोणीस कृष्णवर्णीयांच्या कवट्यांचं दफन व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

या विज्ञानाला पहिलं उत्तर साहित्यिकांनीच दिलं, हे फारसं सांगितलं जात नाही. फ्रेडरिक डग्लस हे आत्मचरित्रकार म्हणून आपल्याला माहीत असतात. १८५४ मध्ये ओहायोतल्या एका कॉलेजात त्यांनी वंशशास्त्रावर दीर्घ व्याख्यान दिलं. त्यातला त्यांचा एक मुद्दा एखाद्या कसलेल्या समीक्षकाचा आहे. वंशशास्त्राच्या ग्रंथांतली चित्रं पाहा, असं ते सांगतात. युरोपीय चेहरा काढताना देखण्यातला देखणा माणूस निवडलेला असतो आणि आफ्रिकी चेहरा काढताना मुद्दाम विद्रूप केलेला. त्यांचे मित्र जेम्स मॅक्यून स्मिथ यांनी १८३७ मध्ये ग्लासगोहून वैद्यकाची पदवी घेतली, कारण अमेरिकेतल्या कॉलेजांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. कवटीमापनाच्या आकडेवारीतल्या चुका दाखवणारा हा डॉक्टर डग्लस यांच्या १८५५ च्या आत्मचरित्राची प्रस्तावनाही लिहितो. म्हणजे कृष्णवर्णीय साहित्य आणि विज्ञानाची चिकित्सा ही दोन कामं एकाच घरात, एकाच टेबलावर चालली होती. विद्यापीठांनी पुढे ती वेगवेगळ्या विभागांत वाटून टाकली.

महाराष्ट्राचा या कहाणीशी संबंध आहे आणि तो दूरचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे तक्तेच पुढे ठेवून, अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धान्त खोडला. आणि इरावती कर्वे! १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे आधारस्तंभ झाले. कवट्यांची असममिती वंशानुसार बदलते हे कर्वे यांच्या मोजमापातून सिद्ध होईल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असं लिहून प्रबंध दिला. ‘युगान्त’ची लेखिका म्हणून त्यांना वाचणाऱ्या मराठी माणसानं त्यांची ही बर्लिनची वर्षंही जरूर जाणून घ्यावीत.

आता गेट्स यांच्याकडे. १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्यांचा जन्म झाला. बालपण पीडमाँट या डोंगरकुशीतल्या गावात गेलं. कागदाची गिरणी हाच गावाचा पोटापाण्याचा आधार. वडील दिवसा गिरणीत राबत आणि संध्याकाळी टेलिफोन कंपनीच्या कचेरीत झाडलोट करत. आई लोकांच्या घरची साफसफाई करून मुलांना शिकवत होती. १९६० मध्ये, आजोबांच्या अंत्यविधीच्या दिवशी, वडिलांनी नऊ वर्षांच्या पोराला एक जुनं कात्रण दाखवलं. जेन गेट्स या पोराच्या खापरपणजीच्या मृत्यूची ती १८८८ मधली बातमी होती. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईचा फोटोही घरात होता. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं वहीत वंशवेल मांडायला घेतली. ते काम अजून थांबलेलं नाही.

चौदाव्या वर्षी खेळताना त्यांचा खुबा दुखावला. तपासणाऱ्या गोऱ्या डॉक्टरनं, मोठेपणी कोण होणार, असं विचारलं. ‘डॉक्टर’ असं उत्तर मिळाल्यावर त्यानं विज्ञानाच्या इतिहासावरचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोरानं धडाधड उत्तरं दिली. मग डॉक्टरनं उठून चालायला सांगितलं आणि पोर जमिनीवर कोसळलं. दुखणं मनाचं आहे, मुलाच्या महत्त्वाकांक्षा झेपेनाशा झाल्या आहेत, असं निदान आईला ऐकवण्यात आलं. हाड सरकलेलं होतं. एक पाय कायमचा दोन इंचांहून अधिक आखूड राहिला. ‘कलर्ड पीपल’ या १९९४ च्या आठवणींच्या पुस्तकात हे आलं आहे. त्या तपासणीच्या खोलीत जे घडलं, ते जेफरसन यांनी बॅनेकर यांच्याशी केलं त्याहून फार वेगळं नव्हतं.

येल विद्यापीठात असताना ते एक वर्ष टांझानियातल्या किलिमाटिंडे इथल्या मिशन रुग्णालयात होते. तिथे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचं काम ते शिकले आणि केलं. डॉक्टर होण्याची वाट तेव्हाही मोकळी होती. १९७३ मध्ये ते इंग्लंडमधल्या केंब्रिजला गेले आणि तिथे नायजेरियाचे लेखक वोले शोयिंका भेटले. शोयिंका यांची व्याख्यानं तिथे इंग्रजी विभागात झाली नाहीत. आफ्रिकी लेखन हे साहित्य म्हणून शिकवण्याजोगं आहे हे त्या विभागाला पटलेलं नव्हतं, म्हणून ती मानववंशशास्त्राच्या आसऱ्यानं झाली. याच शोयिंका यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. केंब्रिजमधला तो विद्यार्थी वैद्यकाकडून साहित्याकडे वळला आणि १९७९ मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला.

१९८१ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेट्स यांना पन्नास डॉलरला एक कादंबरी मिळाली, ‘अवर निग’. ती १८५९ मध्ये बॉस्टनला लेखिकेच्या स्वखर्चानं छापलेली होती. उत्तरेकडच्या एका गोऱ्या घरात राबणाऱ्या, मार खाणाऱ्या मुलीची ती कहाणी. ज्यांनी ती पूर्वी पाहिली होती त्यांनी लेखक गोरा असावा, बहुधा पुरुष असावा, असं समजून बाजूला ठेवली होती. गेट्स यांना ते पटेना. प्रस्तावनेत हॅरिएट विल्सन ही लेखिका सांगते की, आजारी शरीरामुळे दुसरं काम होत नाही, मुलाला जगवायचं आहे, म्हणून हे पुस्तक लिहिलं. ती खरोखर होऊन गेली का, याचा शोध सुरू झाला आणि शेवटी हाती लागला तो एका मुलाचा मृत्यूचा दाखला. जॉर्ज मेसन विल्सन, वय सात, मृत्यू फेब्रुवारी १८६०. वर्णाच्या रकान्यात ‘ब्लॅक’. पुस्तक बाहेर पडून सहा महिनेही झाले नव्हते.

ज्या मुलाला वाचवायला आईनं कादंबरी लिहिली, त्याच्या मरणाच्या कागदानं आईला साहित्याच्या इतिहासात जागा मिळवून दिली. गेट्स यांच्या साऱ्या कामात याहून हृदय पिळवटणारा दुसरा कागद नाही. १९८३ मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली आणि आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीच्या कादंबरीलेखनाची सुरुवात १८९० च्या दशकातून मागे सरकून गुलामगिरीच्या काळात जाऊन पोचली.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक मात्र सिद्धान्ताचं आहे, १९८८ चं ‘द सिग्निफाइंग मंकी’. योरुबा लोकांचा एशू हा चौरस्त्यावरचा, दोन अर्थांनी बोलणारा देव आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोककथांतलं चलाख माकड यांच्यात ते नातं दाखवतात. टोमणा, नक्कल, उलटवून बोलणं यांतून एका कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक दुसऱ्याच्या पुस्तकाला कसं उत्तर देतं, हे ते मांडतात. पुस्तक जड आहे. फ्रेंच सिद्धान्तांचा भार त्यावर आहे आणि जॉइस अॅन जॉइस यांच्यासारख्या समीक्षकांनी, ही भाषा ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापासूनच दुरावते, असा आक्षेप त्या सुमारास घेतला होता. त्या आक्षेपात तथ्य आहे. तरीही कृष्णवर्णीय साहित्याकडे समाजशास्त्राचा कच्चा माल म्हणून पाहण्याची सवय या पुस्तकानं मोडली, हे त्याचं श्रेय मोठं आहे.

१९९१ मध्ये ते हार्वर्डला आले आणि डू बॉइस यांच्या नावाची संशोधनसंस्था त्यांच्या हाती आली. १९९७ मध्ये नेली मॅके यांच्यासोबत त्यांनी आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचं नॉर्टन संकलन संपादित केलं. पुस्तकासोबत ध्वनिमुद्रिका होती, कारण प्रवचन आणि गाणी वगळून हे साहित्य शिकवताच येत नाही. डू बॉइस यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेच्या ज्ञानकोशाचं स्वप्न पाहिलं आणि ते अपुरंच ठेवून १९६३ मध्ये घानात ते वारले. गेट्स आणि क्वामे अँथनी अॅपिया यांनी १९९९ मध्ये ‘आफ्रिकाना’ काढून ते काम पुढे नेलं.

याच परंपरेत एक नाव आवर्जून घ्यायला हवं, ते डोरोथी पोर्टर यांचं. हॉवर्ड विद्यापीठाच्या या ग्रंथपाल. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात कृष्णवर्णीयांची पुस्तकं, मग ती कविता असो की इतिहास, ३२५ किंवा ३२६ या क्रमांकांखाली ढकलली जात. ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, ३२६ म्हणजे गुलामगिरी. पोर्टर यांनी ही पद्धत झुगारली आणि कविता कवितेत, कादंबरी कादंबरीत लावली. हॅना क्राफ्ट्सचं हस्तलिखितही १९४८ मध्ये त्यांनीच ८५ डॉलरला विकत घेऊन ठेवलं होतं. ते टिकलं नसतं, तर अर्धशतकानंतर गेट्स यांच्या हाती काहीच लागलं नसतं.

२००० साली रिक किटल्स या आनुवंशशास्त्रज्ञाचं पत्र गेट्स यांना आलं. डीएनए तपासून आफ्रिकेतली मुळं सांगता येतील, असं त्यात होतं. कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी हे आमिष किती मोठं असेल, हे कळायला अमेरिकेची जनगणना पाहावी लागते. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या नोंदी वेगळ्या तक्त्यांत झाल्या. मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावं नाहीत. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा १८७० मध्ये नोंदली गेली. त्यामागे जायचं तर वंशवेल भिंतीवर जाऊन आपटते.

२००६ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘आफ्रिकन अमेरिकन लाइव्ह्ज’ ही मालिका आली. स्वतःला झुलू समजणाऱ्या ओप्रा विन्फ्री यांना त्यांची मातृशाखा लायबेरियातल्या पेले लोकांशी जुळते असं सांगण्यात आलं. गेट्स यांची स्वतःची तपासणी जास्त अडचणीची ठरली. आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही थेट शाखा युरोपात जाऊन पोचल्या. जवळजवळ निम्मा वारसा युरोपीय. जेन गेट्स यांच्या मुलांचा बाप म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोऱ्या जमीनदाराचं नाव सांगितलं जायचं, तो बाप नव्हताच असंही निघालं. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय साहित्याचा हा सर्वांत नामांकित अभ्यासक पडद्यावर बसून हे ऐकत होता आणि ते त्यानं लपवलं नाही. २०१२ पासून चाललेल्या ‘फाइंडिंग युअर रूट्स’मुळे तर ते घराघरांत पोचले.

पण इथेच या कारकिर्दीवरचा सगळ्यात गंभीर वाद सुरू होतो. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईच्या आईच्या आईकडून येतो. दहा पिढ्या मागे गेलं तर माणसाला एक हजार चोवीस पूर्वजांच्या जागा असतात आणि ही चाचणी त्यांतल्या एकीविषयीच बोलते. शिवाय ती आजच्या लोकसमूहांच्या नमुन्यांशी जुळवून पाहते. तीनशे वर्षांत माणसं स्थलांतरित झाली, टोळ्यांची नावं बदलली, आणि आफ्रिकेतले नमुने मुळातच तोकडे. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अनेक संशोधकांनी मिळून या चाचण्यांच्या मर्यादा आणि त्यांमागचा धंदा यांवर इशारा दिला. त्याच वर्षी गेट्स यांनी स्वतःची वंशावळ-चाचणीची कंपनीही काढली होती. अभ्यासक आणि विक्रेता या दोन भूमिका एकाच माणसाकडे असणं खटकतं, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्यांनीही ते स्पष्ट म्हणायला हवं.

कायदेतज्ज्ञ डोरोथी रॉबर्ट्स यांचं ‘फेटल इन्व्हेन्शन’ (२०११) हा धोका आणखी खोलात दाखवतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ‘बायडिल’ हे हृदयविकाराचं औषध खास कृष्णवर्णीय रुग्णांसाठी म्हणून मंजूर केलं. वंश हा जीवशास्त्रीय भेद आहे ही कल्पना कवट्यांबरोबर गाडली गेली असं वाटत असताना ती औषधाच्या वेष्टनावर परत आली. समाजशास्त्रज्ञ अलोंड्रा नेल्सन यांनी ‘द सोशल लाइफ ऑफ डीएनए’ (२०१६) मध्ये मधली वाट घेतली. लोक या चाचण्यांचं पुढे काय करतात, नातेवाईक शोधतात की न्यायालयात भरपाई मागतात, हे त्या पाहतात.

गेट्स यांना धोका दिसत नव्हता असं नाही. डीएनएच्या रचनेचे सहसंशोधक जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये आफ्रिकी लोकांच्या बुद्धीविषयी जे उद्गार काढले, त्यामुळे त्यांना आपलं पद सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी गेट्स त्यांच्यासमोर बसले आणि त्यांची दीर्घ मुलाखत घेतली. वंशवादाविरुद्धची शेवटची मोठी लढाई प्रयोगशाळेत लढली जाईल, अशी भीती त्यांनी त्यानंतर लिहून ठेवली. प्रयोगशाळेबाहेरची लढाईही संपलेली नव्हती. १६ जुलै २००९ ला चीनहून परतल्यावर ते हार्वर्डजवळच्या, अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या स्वतःच्या घराचं अडकलेलं दार उघडत असताना कोणीतरी पोलिसांना फोन केला आणि ओळखपत्र दाखवूनही त्यांना बेड्या पडल्या. आरोप पाच दिवसांत मागे घेतले गेले. प्रकरण व्हाइट हाऊसच्या हिरवळीपर्यंत गेलं. त्याची बातमी जगभर झाली, पण त्यांच्या कामाच्या मानानं तो प्रसंग छोटा आहे.

२०२४ च्या ‘द ब्लॅक बॉक्स’मध्ये त्यांनी आपल्या नातीच्या जन्माची गोष्ट सांगितली आहे. नोंदणीच्या फॉर्मवर वर्णाच्या चौकटी होत्या. गेट्स यांनी जावयाला विचारलं, ती चौकट भरलीस का? जावयानं ‘ब्लॅक’वर खूण केली होती. हिशेबानं त्या मुलीचा साडेसत्याऐंशी टक्के वारसा युरोपीय आहे. डीएनए एक सांगतो, कागद दुसरं सांगतो, आणि आजोबांना कागदावरचं हवं आहे. इथे त्यांच्या विचारातली सगळी ओढाताण एका चौकटीत दिसते. वंश ही माणसानं घडवलेली गोष्ट आहे हे आयुष्यभर शिकवणारा अभ्यासक नातीसाठी त्याच घडवलेल्या वर्गात जागा मागतो, कारण त्या वर्गाच्या आत व्हीटली आहे, डग्लस आहेत, विल्सन आहे आणि तो वारसा टक्केवारीत मोजला जात नाही. हा विरोधाभास त्यांनी सोडवलेला नाही. तो सोडवायलाच हवा, असं त्यांचं लेखन वाचून वाटतही नाही.

साहित्य आणि वंशविज्ञान यांच्या सांध्यावर आज पुढची पिढी काम करते आहे. ब्रिट रुसर्ट यांच्या ‘फ्यूजिटिव्ह सायन्स’ (२०१७) मध्ये डग्लस आणि मॅक्यून स्मिथ यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांनी विद्यापीठाबाहेर, सभागृहांत आणि वृत्तपत्रांत उभं केलेलं विज्ञान येतं. मराठीत जनार्दन वाघमारे यांनी आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची ओळख फार आधी करून दिली आहे. तिच्या पुढे जाऊ पाहणाऱ्यानं गेट्स यांच्या सिद्धान्तापासून सुरुवात करू नये. आधी ‘कलर्ड पीपल’ वाचावं, कारण गिरणीच्या गावातली माणसं त्यात हाडामांसाची आहेत. मग ‘अवर निग’, गेट्स यांच्या प्रस्तावनेसह आणि त्या मृत्यूच्या दाखल्याच्या हकिकतीसह. त्यानंतर ‘हूज ब्लॅक अँड व्हाय?’ आणि रॉबर्ट्स यांचं ‘फेटल इन्व्हेन्शन’ शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे बोर्दोच्या सोळा निबंधांपासून औषधाच्या वेष्टनापर्यंतचा रस्ता दिसतो. ‘द सिग्निफाइंग मंकी’ सगळ्यात शेवटी घ्यावं, आणि तेही कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांची एखादी कादंबरी वाचून झाल्यावर.